अनशापोटी

आई, सकाळी उठलो की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. तुमचं स्टीलचं फुलपात्र घेतो, त्यात पाणी ओततो, गोळीसाठी. मग आठवतं. ते पाणी ओतून द्यायचा धीर होत नाही, म्हणून उभ्याउभ्या मीच पिऊन टाकतो. खुर्चीवर येऊन बसतो, बसवत नाही. गच्चीत जातो, खाली भाजीवाल्याचा ठेला दिसतो, परत आत येतो. मेधा म्हणते, "विवेक, एका जागी बस ना जरा." तुमचीच लेक ती. घरात कुणी येरझाऱ्या घातलेल्या तिलाही चालत नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे गेले. जाताना सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले, आणि बहुतेकांच्या बोलण्यात एक वाक्य आलं: "शेवटी शेवटी विसरायच्या थोड्या, बाकी तब्येत छान होती." तुमची बहीण म्हणाली, समोरच्या भाभीजी हिंदीत म्हणाल्या, तुमची नात सईसुद्धा कुणाला तरी फोनवर म्हणाली. मी प्रत्येक वेळी मान हलवली. विसरायच्या थोड्या. हे वाक्य या घरात कुठून आलं ते मला माहीत आहे. ते माझ्या तोंडून निघालं होतं, आणि ते खोटं होतं.

हे तुम्ही असताना सांगायचं होतं. पण तुमच्या-माझ्यात मान जास्त आणि बोलणं कमी. तुम्ही मला विवेकराव म्हणायच्यात, मी तुम्हाला आई म्हणायचो, आणि मध्ये एक पाट मांडलेला असायचा, ज्यावर आपल्यापैकी कुणीच पाय ठेवायचा नाही. जावयाला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, हा तुमचा नियम. सासूला काही समजावून सांगत बसायचं नाही, हा माझा. या दोन नियमांच्या फटीत एक लहानशी पांढरी गोळी पडली.

बाबा गेल्यावर तुम्ही वाईहून आलात ते थंडीपुरत्या. स्टेशनवरून घरी येताना रिक्षात दातांवर दात वाजत होते तुमचे. "थंडीपुरतं जयपूरला कोण येतं हो? थंडी खायला?" मी म्हणालो, "आता आलाच आहात तर राहा. मी गीझर लावून राहिलो." तुम्ही पदरात तोंड घालून हसलात. "लावून राहिलात? मग लावा आधी, राहा नंतर." माझ्या नागपुरी मराठीची ती पहिली चेष्टा. नंतर तो आपला खेळच झाला. मी कॉलेजमधून फोन केला, "येऊन राहिलो," की तुमचं ठरलेलं उत्तर, "या की. राहायलाच तर आहात." आता वाटतं, त्या चेष्टेतच सगळं होतं. आपण दोघंही मराठी बोलत होतो आणि दोघांची मराठी वेगळी होती.

थंडी संपली, होळी झाली, तुम्ही रजई सोडायला तयार नव्हतात. मे महिन्यात आम्ही तिघं कूलरसमोरच्या जागेवरून भांडायचो आणि तुम्ही शाल गुंडाळून त्याच्याकडे पाठ करून बसायच्यात. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. कातडी कोरडी, केस कंगव्यात. जेवता जेवता डोळे मिटायचे. आवाज इतका घोगरा झाला की तुमच्या बहिणीनं फोनवर विचारलं, कोण पुरुष बोलतोय? तुम्ही म्हणालात, "मीच गं. माझ्यातला पाटील बोलतोय." आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, बाबा गेल्याचं दुःख आहे, वय आहे, परक्या गावी मन लागत नाही. मेधा एकदा चिडून म्हणाली, "आई, किती सुस्तावलीस गं." तुम्ही उठून भाकऱ्या थापायला लागलात. चार भाकऱ्यांना सकाळ गेली.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉइड मंदावलाय. मीच घेऊन गेलो होतो तुम्हाला. मेधाचं ऑफिस झालान्याला, तिला सुट्टी नव्हती. डॉक्टर भराभर बोलले, "माताजी की गोली सुबह, खाली पेट. चाय से घंटा भर पहले. सिर्फ पानी के साथ." तुमच्या कानाला ते हिंदी फार वेगाचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दुभाषा मी. मी एका हातानं खिशात पार्किंगची पावती शोधत होतो, जगतपुऱ्याला कॉलेजात पोचायला उशीर झाला होता. म्हणालो, "रोज सकाळी एक गोळी घ्यायची, आई. खाली पोटी. बस."

चहाचं, तासाचं, नुसत्या पाण्याचं, सगळं त्या 'बस'मध्ये गिळलं मी.

"खाली पोटी," तुम्ही पुटपुटलात. पाठ करून ठेवायच्या गोष्टी तुम्ही नेहमी एकदा ओठांवर घ्यायच्यात.

"कळलं ना?"

"कळलं की."

माझी आई नागपुरात खाली पोटीच म्हणायची. माझ्या कानाला त्यात दुसरा अर्थच नव्हता. वाईत खाली म्हणजे खाली असतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सुचलं नाही.

पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच, पुन्हा वाढवली. तुम्ही आणखी जड झालात. नावं आठवेनात. एकदा दूध उतू गेलं आणि तुम्ही त्या ओट्यासमोर उभ्याच राहिलात, फडकं हातात घेऊन, जणू दूध म्हणजे काय ते आठवत होतात.

मग ती भेट. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे नाही. "गोली रोज़ लेती हैं? घर में कोई ध्यान रखता है?"

त्या 'कोई'मध्ये मी होतो. आणि मी म्हणालो, "भूल जाती हैं, डॉक्टरसाब. उम्र है."

तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात, पर्स मांडीवर धरून. 'भूल' तुम्हाला कळत होतं. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. त्या पाहण्यात राग नव्हता. खरंच का, असं विचारणं होतं. मग डॉक्टरांकडे बघून हळू म्हणालात, "हो. विसरत असेन."

जावयाला खोटं कसं पाडायचं!

आता तेही लिहितो जे मेधालाही सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं की तुम्ही विसरत नाही. गोळ्यांची बाटली मीच आणायचो. ती संपायच्या आधी तुम्ही वेळेवर सांगायच्यात, "विवेकराव, बाटली बुडाला टेकली." ती कधी उशिरा टेकली नाही. गोळ्या चुकवणाऱ्या माणसाची बाटली वेळेवर संपते का? मी इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो, एवढा हिशेब मला येतो. तो त्या खुर्चीत बसल्याबसल्या डोक्यात आलाही होता. पण डॉक्टरांची नजर माझ्यावर होती, आणि मला ती माझ्यावरून हटवायची होती. एवढंच. एवढ्यासाठी.

त्यानंतर घरात ते वाक्य रुजलं. आई विसरते. आजी विसरते. तुम्ही पदराला गाठी मारू लागलात. गोळी घेतल्यावर सईला विचारायच्यात, "घेतली ना गं मी आत्ता?" वाईच्या घराची किल्ली तुम्ही स्वतःहून मेधाच्या हातात दिलीत, "माझ्याकडून हरवायची." आठवण करून द्यायचं काम आम्ही सईवर टाकलं. ती शाळेला निघताना दारातून ओरडायची, "आजी, गोली?" आणि तुम्ही म्हणायच्यात, "घेते गं. अजून खाली कुठं बसलंय." मी बूट घालताना हे कितीदा ऐकलं असेल. ऐकून निघून गेलो.

आणि वाई. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, "आता जाते. घराला हात फिरवायला हवा, आंबा धरलाय म्हणते बहीण." आम्ही दोघं एकदम बोललो, एकट्या कशा राहणार, गॅस विसरलात तर? तुम्ही पदराची गाठ चाचपलीत. "ते खरं आहे," म्हणालात, "मी विसरते." वाईचं घर बंद ते बंदच. आई, आज खरं बोलायला बसलोय तर हेही बोलतो. तुम्ही इथे असणं आमच्या सोयीचं होतं. सई शाळेतून यायची तेव्हा दार उघडायला कुणी असायचं. तुमचं विसरणं आम्हाला फार जड गेलं नाही.

विसरणं हे गोळी लागू न पडल्याचं लक्षण होतं. मी त्यालाच कारण ठरवलं.

मग तो रविवार. मेधा अंघोळीला गेली होती. सई टेबलावरची तुमची औषधांची टोपली आवरत होती. तिनं बाटली हलवून पाहिली आणि तिच्या त्या हिंदीत बुडवलेल्या मराठीत म्हणाली, "आजी, तुझी गोलीची बाटली खाली आहे."

तुम्ही टेबलाला धरून वाकलात आणि फरशीवर बघायला लागलात. "कुठं पडली गं?"

"अरे आजी! खाली मतलब एम्प्टी!"

"मग रिकामी म्हण की. खाली म्हणजे खाली." आणि तुम्ही बोटानं फरशी दाखवलीत.

सई हसत हसत मैत्रिणीला सांगायला फोन घेऊन गच्चीत पळाली. मीही हसत होतो. हातात चहा होता. हसता हसता मी कप टेबलावर ठेवला.

"आई, गोळी कधी घेता तुम्ही?"

"तुम्ही सांगितलीत तशीच. खाली पोटी."

"म्हणजे कधी?"

"म्हणजे काय? अन्न पोटात खाली बसलं की. पोहे होतात, चहा होतो, जरा टेकते. मग ही आणि ती कॅल्शियमची. एकटीला कशाला पाठवायचं, दोघींना सोबत धाडते."

पोहे, दुधाचा चहा आणि कॅल्शियम. त्या गोळीला जे जे वर्ज्य, ते सगळं तुम्ही नेमानं, न चुकता, माझा शब्द पाळून केलं होतं.

एक वाक्य बोलायचं होतं मला. आई, चूक माझी, नागपूरला खाली म्हणजे रिकामं. एवढंच. चहा गार व्हायच्या आत बोलून झालं असतं. मी काय म्हणालो? "उद्यापासून उठल्याउठल्या घ्या. नुसत्या पाण्यानं. चहा तासाभरानं. कॅल्शियम दुपारी. डॉक्टरांनी वेळ बदललीय."

"अनशापोटी म्हणा की मग," तुम्ही म्हणालात.

अनशापोटी. किती वर्षांनी ऐकला तो शब्द. तुमच्याकडे होता तो, पहिल्या दिवसापासून. मी विचारलं असतं तर तुम्ही काढून दिला असता, डब्यातून लवंग काढून द्यावी तसा.

"मग आधीच का नाही सांगितलं त्यांनी?" तुम्ही विचारलंत.

"नवी पद्धत आहे," मी म्हणालो. मेधा बाहेर आली, आणि विषय संपला.

डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी फोन केला, ते नशीब. म्हणालो, "माताजी गलती से नाश्ते के बाद लेती थीं." पुन्हा तुमचीच गलती. ते म्हणाले, बरं केलंत सांगितलंत, एवढ्या ताकदीची गोळी आता नीट लागू पडली असती तर छाती धडधडली असती. ताकद कमी केली, काही आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. आकडा उतरला होता.

आणि तुम्ही परत आलात. हळूहळू, एकेका गोष्टीनं. आधी आवाज आला. मग शाल गेली. चेहऱ्याची सूज उतरली आणि तिच्याखालून मेधाच्या लग्नातला तुमचा चेहरा निघाला. तुम्ही स्वतः खाली जाऊन भाजीवाल्याशी भांडू लागलात. "भैया, ये भेंडी जून है." तो बिचारा म्हणाला, "माताजी, जून नहीं, अगस्त है." तुम्ही ते वर येऊन सांगितलंत आणि मेधा ओट्याला धरून हसली. "माझ्या आईला हिंदीची फार घाई," म्हणाली. मी हसलो नाही. मला शब्दांची भीती बसली होती.

पण बऱ्या झाल्यावरही तुम्ही म्हणायच्यात, "विसरते मी." मेधा सहज म्हणाली, आई आता छान झालीस, जाऊन ये वाईला. तुम्ही म्हणालात, "नको गं. विसरते ना मी." तेव्हा मी पेपर वाचत होतो. पेपर वाचतच राहिलो.

एक प्रसंग राहून राहून वर येतो. यंदाच्या थंडीतला. तुम्ही गच्चीत उन्हात मटार सोलत होतात, मी पेपर तपासत होतो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "विवेकराव, नागपूरला रिकाम्याला खाली म्हणतात का हो?"

माझा लाल पेन थांबला. म्हणालो, "हो. म्हणतात."

"असं होय," तुम्ही म्हणालात. एक शेंग फोडलीत, दाणे पातेल्यात टाकलेत, दुसरी उचललीत.

तुम्हाला कळलं होतं का, आई? सगळं? कधीपासून? आणि कळलं असेल तर तुम्ही मला दार उघडून दिलंत, मी आत आलो नाही, असंच ना? की नुसतीच उत्सुकता होती तुमची, भाषांची, जशी भेंडीच्या वेळी होती? कळलं होतं तर त्यानंतरही 'विसरते मी' का म्हणत राहिलात? ते मला उद्देशून होतं का? हे प्रश्न घेऊन मी घरभर फिरतोय. तुमच्या खोलीत जातो, कपाट उघडतो, बंद करतो. पातेलं पाहतो. उत्तर देणारं माणूस एकच होतं, आणि ते एका दुपारी जेवून जरा पडते म्हणून आत गेलं आणि उठलं नाही.

हृदय, डॉक्टर म्हणाले. झोपेत. थायरॉइडचा काही संबंध नाही, आकडे चांगले होते. मी दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाले. तुमच्या मरणाच्या दोषातून मी सुटलो म्हणायचं. पण तुमच्या जगण्याचं काय? वाईचा आंबा, पदराच्या गाठी, ती किल्ली. त्याचा संबंध कुणाशी?

परवा मेधाचा रिपोर्ट आला. बरेच दिवस केस गळत होते, पंख्याखाली थंडी वाजत होती. तिचाही थायरॉइड. आईचा असेल तर लेकीचा तपासावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल सकाळी तिनं नवी बाटली ओट्यावर ठेवली, एकटक पाहिलं तिच्याकडे आणि म्हणाली, "बघ. आता मीही आईसारखी विसरायला लागणार."

मी पाणी ओतत होतो, तुमच्याच फुलपात्रात. फुलपात्र ठेवलं आणि म्हणालो, "आई विसरत नव्हत्या."

मग सगळं सांगितलं. पार्किंगची पावती, खाली पोटी, डॉक्टरांची नजर, वेळेवर संपणारी बाटली, मटार सोलतानाचा तुमचा प्रश्न. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. मेधा ओट्याला टेकून ऐकत होती.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मटार सोलताना विचारलं तिनं, तेव्हाही?"

"तेव्हाही नाही."

"किल्ली माझ्या हातात दिली रे तिनं," ती म्हणाली. "मी घेतली." मग बराच वेळ नळ उघडा होता आणि ती एकच कप धूत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिनं नळ बंद केला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना ज्यांना तू ती विसरते म्हणून सांगितलंस, त्यांना सांग. मावशीला सांग. भाभीजींना सांग. सईला आधी सांग. ती तिच्या पोरांना सांगेल नाहीतर, आमची आजी विसरायची."

काल संध्याकाळी सईला सांगितलं. ती तुमच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. रात्री जेवताना म्हणाली, "मग मी रोज पुछत होती, तेव्हा आजी बरोबर उत्तर देत होती, पप्पा." हो, म्हणालो. आजी रोज बरोबर उत्तर देत होती.

मावशींना फोनवर सांगायला बसलो, जमलं नाही. म्हणून हे लिहितोय. हे त्यांना पाठवेन, तेराव्याला जे जे आले त्यांनाही पाठवेन. पण आधी तुम्हाला. आपले दोन्ही नियम मोडून, एकच गोष्ट दोनदा सांगतो. तुम्ही एकही गोळी विसरला नव्हतात, आई. एकही नाही. मी सांगितलेला शब्द तुम्ही शेवटपर्यंत लक्षात ठेवलात. तो शब्दच चुकीचा होता.

आज सकाळी मेधा गोळी तळहातावर घेऊन उभी होती. चहाचं आधण मी अजून ठेवलं नव्हतं. फुलपात्र पुढे केलं आणि तोंडातून निघून गेलं, "अनशापोटी हं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला मराठी माझ्या आईनं शिकवलीय."

तिनं गोळी घेतली, पाणी पिऊन फुलपात्र पालथं घातलं आणि वाईच्या घराची किल्ली कुठे ठेवली आहे, ते शोधायला लागली.